टाकीवरच्या नॅनोला वाय-फाय जोडताना

सांगलीत माझं मोटर रिवाइंडिंगचं आणि स्टार्टर पॅनेलचं दुकान आहे. त्याच्या जोडीला सोसायट्यांच्या गच्चीवरच्या टाक्यांसाठी आर्डुइनो नॅनोवर (प्रोग्राम भरता येणाऱ्या छोट्या बोर्डवर) चालणारे कंट्रोलर मी बनवून देते. टाकीच्या झाकणाखाली जेएसएन-एसआर०४टी हा ओलाव्याला दाद न देणारा अल्ट्रासोनिक सेन्सर, शेजारी प्लास्टिकच्या डब्यात नॅनो आणि एक रिले, म्हणजे नॅनोच्या हुकमावर चालणारा स्विच. पाणी खाली गेलं की रिले ओढतो, खालच्या स्टार्टरचा कॉन्टॅक्टर (मोटरला वीज देणारा मोठा स्विच) बसतो आणि मोटर पाणी चढवू लागते. टाकी भरत आली की रिले सुटतो. काम एवढंच, आणि त्याला इंटरनेट लागत नाही.

पण हल्ली सेक्रेटरी विचारतात, "टाकीत किती पाणी आहे ते मोबाइलवर दिसेल का?" दिसेल. त्यासाठी चांगला चालता नॅनो उपटून टाकायची गरज नाही. ईएसपी-०१ नावाचं साधारण २५ बाय १४ मिलिमीटरचं वाय-फाय मॉड्यूल त्याला जोडता येतं. ते कसं जोडायचं, कुठे अडतं आणि का अडतं, ते माझ्या कामाच्या पद्धतीने सांगते. तुमच्याकडे टाकीऐवजी ग्रीनहाउस असेल किंवा पिठाच्या गिरणीचा काउंटर असेल, तरी जोडणी हीच राहते.

एक गोष्ट आधीच मोकळेपणाने सांगते. कोरी सुरुवात करणार असाल तर नॅनो आणि ईएसपी-०१ ही जोडगोळी घेऊ नका. सरळ ईएसपी३२ घ्या, किंवा २०२२ साली आलेला रास्पबेरी पाय पिको डब्ल्यू घ्या. त्यांच्यात प्रोसेसर आणि वाय-फाय एकाच बोर्डवर मिळतं. बॅटरीवर चालवायचं असेल तर ही जोडी त्याहून निरुपयोगी, कारण ईएसपी-०१ मधली ईएसपी८२६६ चिप गाढ झोपेत २० मायक्रोअँपिअरवर येऊ शकते खरी, पण स्वतः जागं होण्यासाठी लागणारी १६ नंबरची पिन ईएसपी-०१वर बाहेर काढलेलीच नाही. हा लेख आहे तो ज्यांच्याकडे आधीपासून चालू असलेलं ५ व्होल्टचं काम आहे आणि त्याला फक्त बोलायला शिकवायचं आहे, त्यांच्यासाठी.

माझ्या टाकीच्या कामात मात्र मी नव्या डब्यातही दोन वेगळे बोर्डच ठेवते, आणि त्यामागे कारण आहे. एका सोसायटीत दुसऱ्या कुणीतरी बसवलेला कंट्रोलर मी दुरुस्तीला उघडला होता. वाय-फायचा राउटर बंद पडला की त्यातला प्रोग्राम "जोडलं का, जोडलं का" असं विचारत एकाच ओळीवर अडकून बसे. मोटर तेव्हा चालू असेल तर ती चालूच राही, आणि जिन्यावरून पाण्याचा ओहोळ. चूक वाय-फायची नव्हती. मोटर बंद करण्याचं काम नेटच्या मागे रांगेत उभं केलं होतं, ती चूक. म्हणून माझा नियम असा की मोटरचा निर्णय नॅनो घेतो आणि ईएसपी फक्त खबर पोचवतो. ईएसपी जळाला, राउटर गेला, सोसायटीने बिल भरलं नाही, तरी पाणी वेळेवर चढलं पाहिजे आणि वेळेवर थांबलं पाहिजे. पुढचं सगळं या एका नियमावर बेतलेलं आहे.

सप्लाय: निम्मा वेळ इथेच घाला

ईएसपी-०१ पहिल्यांदा बाजारात आलं २०१४ साली, शेन्झेनच्या एआय-थिंकर कंपनीकडून. आतली ईएसपी८२६६ चिप शांघायच्या एस्प्रेसिफची. (या एस्प्रेसिफचं एक ऑफिस आपल्या पुण्यातही आहे.) मॉड्यूल शंभर-दीडशे रुपयांत मिळतं, आणि स्वस्त आहे म्हणून लोक त्याला सप्लायही स्वस्तातला देतात. माझ्याकडे "खराब मॉड्यूल" म्हणून येणाऱ्यांपैकी बरीचशी धडधाकट असतात, त्यांना फक्त पुरेसा करंट मिळालेला नसतो.

चिप ३.३ व्होल्टवर चालते. नुसतं ऐकत असताना ती ५० ते ६० मिलिअँपिअर घेते, पण हवेत सिग्नल सोडताना डेटाशीटप्रमाणे १७० मिलिअँपिअरपर्यंत जाते, आणि सुरू होतानाचे झटके ३०० च्याही वर पोचतात. हे झटके काही मिलिसेकंदांचे असतात. मल्टिमीटर लावाल तर तो शांतपणे ३.३ दाखवेल, कारण तो सरासरी दाखवतो. तेवढ्या क्षणात सप्लाय खाली बसला की चिप रीसेट होते, परत उठते, परत जोडायला जाते, परत बसते. निळा दिवा ठरावीक अंतराने लुकलुकत राहिला, किंवा स्क्रीनवर "रेडी" पुन्हापुन्हा उमटलं, तर प्रोग्राम तपासत बसू नका. सप्लाय तपासा.

नॅनोवर ३.३ व्होल्ट लिहिलेली एक पिन आहे. ती बघून मोह होतो. पण ते ३.३ व्होल्ट नॅनोवरच्या यूएसबी चिपच्या पोटातून येतात. अस्सल बोर्डवर तिथून जास्तीत जास्त ५० मिलिअँपिअर मिळतात, आणि स्वस्त प्रतींवर त्याहून कमी. त्या पिनला सेन्सर जोडा, ईएसपी नको. यूएसबी-सीरियल अडॅप्टरवरच्या ३.३ च्या पिनचंही तसंच.

मी करते ते असं. खाली पॅनेलजवळ १२ व्होल्टचा एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, तिथून गच्चीपर्यंत दोन तारा. वर डब्यात एलएम२५९६ चं बक मॉड्यूल, ते १२ चे ५ करतं. या ५ व्होल्टवर नॅनो आणि रिले. त्याच ५ वरून एएमएस१११७-३.३ रेग्युलेटर, आणि त्याच्यावर फक्त ईएसपी. खालूनच ५ व्होल्ट पाठवत नाही, कारण पाच मजल्यांच्या बारीक तारेत व्होल्टेज पडतं, आणि एएमएस१११७ ला स्वतःसाठी सव्वा व्होल्टभर लागतात. त्याच्या तोंडाशी ४.६ च्या खाली गेलात की बाहेर ३.३ निघत नाहीत. उलट बाजूने, १२ व्होल्ट थेट एएमएस१११७ ला देऊ नका. १२ वजा ३.३ म्हणजे ८.७ व्होल्टचा फरक, त्यातून १०० मिलिअँपिअर गेले तरी पाऊण वॉटहून जास्त उष्णता त्या चिमुकल्या तुकड्यात साठते, आणि मे महिन्यात गच्चीवरचा डबा आधीच तापलेला असतो.

बक मॉड्यूल जोडण्याआधी त्याचा छोटा स्क्रू फिरवून आउटपुट बरोबर ५ वर आणा. दुकानातून आलेलं मॉड्यूल कितीवर ठेवलेलं असेल याचा भरवसा नसतो.

मग कपॅसिटर. ४७० मायक्रोफॅरडचा एक इलेक्ट्रोलिटिक आणि १०४ छापलेला एक सिरॅमिक, दोन्ही ईएसपीच्या व्हीसीसी आणि ग्राउंडच्या पायांना अगदी चिकटून. दहा सेंटिमीटर तारेच्या टोकाला लावलेला कपॅसिटर झटक्याच्या वेळी उशिरा पोचतो. गच्चीवरची टाकी जशी सकाळच्या गर्दीत घरांना पुरते आणि मोटर तिला मागाहून निवांत भरते, तसंच काम हा इलेक्ट्रोलिटिक करतो.

तारा

ईएसपी-०१ ला आठ पाय, चार-चारच्या दोन रांगा. तो ब्रेडबोर्डमध्ये सरळ खुपसू नका, समोरासमोरचे पाय शॉर्ट होतात. छोट्या झिरो पीसीबीवर फीमेल हेडर लावा आणि त्यात बसवा, म्हणजे पुढे काढताही येतो.

ईएन, म्हणजे जुन्या बोर्डवर सीएच-पीडी लिहिलेला पाय, १० किलोओहममधून ३.३ ला. हा तरंगता राहिला तर चिप उठतच नाही. रीसेट, जीपीआयओ-० आणि जीपीआयओ-२ हे पायही प्रत्येकी १० किलोओहममधून ३.३ ला बांधा. सुरू होताना जीपीआयओ-० ग्राउंडला लागलेला असेल तर चिप नवा प्रोग्राम भरून घ्यायच्या अवस्थेत जाते आणि तुमच्या कुठल्याही कमांडला उत्तर देत नाही. काही नव्या बोर्डांवर हे रेझिस्टर आधीच असतात. जास्तीचे लागले तर बिघडत काही नाही.

आता दोघांचं बोलणं. नॅनो ५ व्होल्टची भाषा बोलतो, ईएसपी ३.३ ची. ईएसपीच्या टीएक्समधून (बोलायच्या पायातून) निघणारे ३.३ व्होल्ट नॅनोला थेट चालतात, कारण ५ व्होल्टवरच्या एटीमेगा३२८ ला ३ व्होल्टच्या वर सगळं "हाय" वाटतं. उलट दिशेला मात्र ५ व्होल्ट थेट सोडायचे नाहीत. नॅनोच्या टीएक्सकडून २.२ किलोओहम, मग ईएसपीचा आरएक्स (ऐकायचा पाय), आणि त्याच जागेवरून ३.३ किलोओहम ग्राउंडला. मधल्या सांध्यावर बरोबर ३ व्होल्ट येतात. "आम्ही तर थेट जोडलंय, वर्षभर चालतंय" असं सांगणारे भेटतील. चालतही असेल. पण दोन रेझिस्टरना मिळून दोन रुपये पडत नाहीत, आणि डब्यापर्यंत पोचायला गच्चीची शिडी चढावी लागते.

नॅनोचे ० आणि १ नंबरचे पाय यूएसबीसाठी राखून ठेवा. ईएसपी २ आणि ३ वर जोडा आणि सॉफ्टवेअर-सीरियलने, म्हणजे साध्या पायांवर प्रोग्रामने चालवलेल्या सीरियल लाइनने, बोला. २ वर ऐकायचं, ३ वर बोलायचं. ग्राउंड सगळ्यांचा एकच.

अजून एक तार मी नेहमी ओढते: नॅनोच्या ४ नंबरच्या पायावरून ईएसपीच्या रीसेटला. तो पाय प्रोग्राममध्ये एरवी इनपुट ठेवायचा, म्हणजे तो कुणाला ढकलत नाही आणि वरचा १० किलोओहम रीसेटला ३.३ वर धरून ठेवतो. ईएसपी मुका झाला की त्याच पायाला क्षणभर आउटपुट-लो करायचं आणि परत इनपुट. त्या पायावर कधीही हाय लिहायचं नाही, नाहीतर ५ व्होल्ट आत घुसतील. आणि हा रीसेट फक्त ईएसपीचा. नॅनो त्या वेळी आपलं काम करतच असतो.

स्टार्टरची बाजू वेगळी. कॉन्टॅक्टरच्या कॉइलला २३० व्होल्ट असतात. रिलेच्या त्या दोन तारा डब्यात वेगळ्या कप्प्यातून, वेगळ्या ग्लँडमधून आणा, आणि ते जोडकाम परवानाधारक वायरमनकडून करून घ्या. जुना फ्लोट स्विच असेल तर तो काढू नका. रिलेच्या संपर्काबरोबर सीरीजमध्ये राहू द्या. सगळं इलेक्ट्रॉनिक्स वेडं झालं तरी तो पाणी थांबवेल.

टेबलावर ओळख करून घ्या

नॅनोला जोडण्याआधी ईएसपीशी लॅपटॉपवरून बोला. त्यासाठी ३.३ व्होल्टवर चालणारा सीपी२१०२ सारखा यूएसबी-सीरियल अडॅप्टर लागतो. अडॅप्टरचा टीएक्स ईएसपीच्या आरएक्सला, आरएक्स टीएक्सला, ग्राउंड ग्राउंडला, आणि वीज मात्र एएमएस१११७ वरूनच. आर्डुइनोच्या सीरियल मॉनिटरमध्ये वेग ११५२०० ठेवा आणि ओळीच्या शेवटी एनएल आणि सीआर दोन्ही पाठवायचा पर्याय निवडा. हा दुसरा पर्याय विसरलात तर मॉड्यूल मख्खासारखं गप्प बसतं.

वीज दिल्यावर आधी थोडी कचरा अक्षरं दिसतात. घाबरू नका. चिपच्या आत कोरलेला सुरुवातीचा प्रोग्राम ४० मेगाहर्ट्झचा क्रिस्टल गृहीत धरून ११५२०० ने बोलतो, पण मॉड्यूलवर क्रिस्टल असतो २६ चा. म्हणून तो वेग त्याच प्रमाणात घटून ७४८८० होतो. मॉनिटर त्या वेगावर नेलात तर तीच अक्षरं वाचता येतात, आणि मॉड्यूल सारखं का रीसेट होतंय हे शोधताना त्यांचा उपयोगही होतो.

कमांड मी इथे फोनवर सांगते तशा देवनागरीत लिहिते. टाइप करताना इंग्रजी कॅपिटल अक्षरं, आणि मध्ये कुठेही मोकळी जागा नाही.

नुसतं "एटी" पाठवा. "ओके" आलं की निम्मी लढाई जिंकलीत. "एटी+जीएमआर" आतल्या फर्मवेअरची आवृत्ती सांगतं, ती लिहून ठेवा. मग "एटी+सीडब्ल्यूमोड=१", म्हणजे मॉड्यूलने फक्त ग्राहक व्हायचं, स्वतःचं नेटवर्क पसरायचं नाही. पुढे "एटी+सीडब्ल्यूएलएपी" दिलंत की आसपासच्या नेटवर्कची यादी येते, प्रत्येकापुढे एक ऋण आकडा. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६५-७० पर्यंत निर्धास्त, उणे ८० च्या पुढे आज जोडलं तरी पावसात तुटेल.

यादीत सोसायटीचं नेटवर्क दिसलंच नाही तर ते ५ गिगाहर्ट्झवर आहे का ते पाहा. ईएसपी८२६६ ला फक्त २.४ गिगाहर्ट्झ कळतं. हल्लीचे राउटर दोन्ही एकाच नावाने पसरतात, त्यामुळे फोनवर नाव दिसतं आणि माणूस गोंधळतो. राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ चालू आहे आणि सुरक्षा डब्ल्यूपीए२ वर आहे एवढं बघायचं.

आता "एटी+सीडब्ल्यूजेएपी=", पुढे अवतरणात नेटवर्कचं नाव, स्वल्पविराम, अवतरणात पासवर्ड. काही सेकंदांनी "वायफाय कनेक्टेड", मग "वायफाय गॉट आयपी", मग "ओके". नाही जमलं तर त्याच कमांडच्या नावापुढे एक आकडा येतो. १ म्हणजे वेळ संपला, २ म्हणजे पासवर्ड चुकला, ३ म्हणजे त्या नावाचं नेटवर्क सापडलं नाही, ४ म्हणजे जोडणी फसली. नावात किंवा पासवर्डमध्ये स्वल्पविराम किंवा अवतरणचिन्ह असेल तर त्याच्या आधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते.

शेवटी "एटी+यूएआरटी_डेफ=९६००,८,१,०,०". यापुढे मॉड्यूल कायमचं ९६०० च्या वेगाने बोलेल. ११५२०० ला नॅनोची सॉफ्टवेअर-सीरियल अक्षरं गिळते, आणि मग कधी चालतं कधी नाही असा सगळ्यात त्रासदायक प्रकार सुरू होतो.

आकडा पाठवणं

मी थिंगस्पीक वापरते. मॅथवर्क्सची सेवा आहे, लहान कामाला फुकट चालते, आलेख आपोआप काढून देते, आणि फुकटच्या खात्यावर दोन नोंदींमध्ये किमान १५ सेकंद ठेवायला सांगते. टाकीला एवढी घाई नसते. मी दर दोन मिनिटांनी एक आकडा पाठवते.

खातं उघडा, एक चॅनेल बनवा, लिहिण्याची की (चॅनेलवर आकडा टाकायला लागणारा गुप्त कोड) घ्या. मग नॅनोने करायचं ते असं. "एटी+सीआयपीस्टार्ट=" पुढे अवतरणात टीसीपी, अवतरणात एपीआय.थिंगस्पीक.कॉम, आणि ८०. "कनेक्ट" आणि "ओके" आलं की "एटी+सीआयपीसेंड=" पुढे आपण किती बाइट पाठवणार ती संख्या. मॉड्यूल एक कोनाची खूण दाखवून थांबतं. मग प्रत्यक्ष मजकूर. पहिली ओळ गेट, अपडेटचा पत्ता, की आणि फील्ड१ चा आकडा, शेवटी एचटीटीपी/१.१. दुसरी ओळ होस्टचं नाव. तिसरी, काम झाल्यावर जोडणी बंद करायची सूचना. आणि मग एक रिकामी ओळ. ही रिकामी ओळ नसेल तर सर्व्हर पुढच्या ओळीची वाट बघत बसतो.

बाइटची संख्या हाताने मोजू नका. प्रत्येक ओळीचा शेवट दोन बाइटचा असतो, पाण्याचा आकडा कधी ९ तर कधी १०० असतो, आणि एक बाइट कमी पडला तरी मॉड्यूल तो यायची वाट बघत राहतं. मजकूर आधी एका अॅरेमध्ये तयार करा, त्याची लांबी प्रोग्रामलाच काढू द्या. सगळा मजकूर शंभरेक बाइटचा होतो, म्हणजे ९६०० च्या वेगाला सेकंदाचा जेमतेम दहावा भाग.

"सेंड ओके" दिसलं की मी समाधान मानते. सर्व्हरचं उत्तर बरंच लांब येतं आणि सॉफ्टवेअर-सीरियलची झोळी ६४ बाइटची. सगळं साठवायला जाल तर नॅनोची २ किलोबाइट रॅम अपुरी पडेल. येणारं एकेक अक्षर वाचायचं, हवा तो शब्द जुळतोय का पाहायचं आणि टाकून द्यायचं. प्रोग्राममधले स्थिर शब्द एफ मॅक्रोने फ्लॅशमध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) ठेवा, नाहीतर तेही रॅम खातात.

लिटर हवे असतील तर हिशोब नॅनोतच करा. अडीच बाय दोन मीटरच्या चौकोनी टाकीत पाण्याचा प्रत्येक सेंटिमीटर म्हणजे ५० लिटर. लोकांना टक्क्यांपेक्षा लिटर लवकर कळतात. सेन्सर पाण्याच्या सर्वांत वरच्या पातळीपासून किमान २५ सेंटिमीटर उंच ठेवा, त्याहून जवळचं त्याला नीट दिसत नाही.

प्रोग्रामची मांडणी

वरचा ओहोळ ज्याच्यामुळे आला, तो मुद्दा इथला. नेटच्या कुठल्याही पायरीवर थांबून राहायचं नाही. "डिले" ही आज्ञा ईएसपीच्या भागात अजिबात येऊ देऊ नका. एक चल ठेवा, तो सांगेल आपण कुठल्या पायरीवर आहोत: गप्प, जोडणी मागितली, लांबी सांगितली, मजकूर दिला. प्रत्येक फेरीत नॅनोने आधी मोटरचा निर्णय घ्यायचा, मग ईएसपीकडून काही अक्षरं आली असतील तर ती बघायची, पायरी पुढे सरकत असेल तर सरकवायची, आणि लगेच बाहेर. प्रत्येक पायरीला मुदत: साध्या कमांडला २ सेकंद, सर्व्हर गाठायला १०, वाय-फायला २०. मुदत संपली की ती खेप सोडून द्यायची. पुढचा आकडा दोन मिनिटांनी येणारच आहे, हातचा गेला म्हणून रडायचं कारण नाही.

आधीच्या कमांडचं उत्तर येण्याआधी दुसरी पाठवलीत तर मॉड्यूल "बिझी पी..." म्हणतं आणि दुसरी फेकून देतं. म्हणजे घाई तुमच्या प्रोग्रामने केली, मॉड्यूल ठीक आहे.

वेळ "मिलिस"ने मोजा, आणि नेहमी आत्ताची वेळ वजा मागची वेळ अशीच तुलना करा. मिलिसचा काटा साधारण ५० दिवसांनी शून्यावर येतो. वजाबाकीने तुलना केली तर त्याचा त्रास होत नाही. बेरीज करून "पुढची वेळ" साठवलीत, तर त्या दिवशी गंमत होते.

सेन्सर आणि ईएसपी एकाच वेळी नको. सॉफ्टवेअर-सीरियल अक्षर पाठवताना किंवा घेताना नॅनोचे इंटरप्ट (मधेच येणारी तातडीची कामं) अडवून ठेवते, आणि त्याच क्षणी प्रतिध्वनीची वेळ मोजत असाल तर टाकी अचानक रिकामी दिसते. मोजणी दर दोन सेकंदांनी, पाच मापं घेऊन मधलं धरायचं, आणि ती चालू असताना ईएसपीला कमांड द्यायची नाही. प्रतिध्वनी आलाच नाही तर मोटर बंद. सलग किती वेळ मोटर चालू राहू शकते याचीही कमाल मर्यादा घाला.

लागोपाठ पाच खेपा फसल्या की ४ नंबरच्या पायाने ईएसपीला रीसेट. त्यानंतरही नाही जमलं तर थांबण्याचा काळ वाढवत न्या: अर्धा मिनिट, एक मिनिट, पाच मिनिटं. आमच्याकडे लाईट गेली आणि आली की ईएसपी सेकंदाभरात उठतो, पण राउटरला सावरायला दोन मिनिटं लागतात. तेवढ्यात रीसेटची माळ लावून काही साधत नाही.

नॅनोचा स्वतःचा वॉचडॉग (प्रोग्राम अडकला तर बोर्ड रीसेट करणारा टायमर) ८ सेकंदांवर लावा. पण त्याआधी बूटलोडर, म्हणजे बोर्ड सुरू होताना आधी चालणारा छोटा प्रोग्राम, बघा. जुन्या बूटलोडरच्या नॅनोवर वॉचडॉगने रीसेट झाला की बोर्ड त्याच फेऱ्यात अडकतो आणि वीज काढल्याशिवाय सुटत नाही. आर्डुइनोच्या मेन्यूत "ओल्ड बूटलोडर" निवडल्याशिवाय प्रोग्राम चढत नसेल, तर तुमचा त्यातलाच समजा. त्यावर ऑप्टिबूट हा नवा बूटलोडर चढवून घ्या.

डबा कुठे लावायचा

२.४ गिगाहर्ट्झच्या लहरींना पाणी आणि लोखंड दोन्ही वर्ज्य. टाकीच्या मागे डबा लावलात तर मधली हजारो लिटरची भिंत सिग्नल पिऊन टाकते. जिन्याच्या दाराच्या बाजूला, राउटरच्या दिशेला तोंड करून लावा. डबा प्लास्टिकचाच, पत्र्याचा नको. मॉड्यूलच्या एका टोकाला नागमोडी तांब्याची रेघ दिसते, तो अँटेना. ते टोक डब्याच्या कडेला, तारांपासून आणि बक मॉड्यूलपासून दूर.

टेबलावर उणे ४५ दिसलेला आकडा गच्चीवर उणे ८२ होऊ शकतो, स्लॅबमधल्या सळ्या आपला वाटा घेतात. म्हणून डब्याची भोकं पाडण्याआधी लॅपटॉप वर नेऊन "एटी+सीडब्ल्यूएलएपी" देऊन बघा, दोन हात इकडे-तिकडे सरकवून बघा. जागा बदलूनही आकडा सुधारला नाही तर वरच्या मजल्यावर कुणाच्या घरात रिपीटर लावावा लागेल. ते आधीच सांगा, बिल झाल्यावर नको.

तारा डब्यात खालून घ्या, आणि आत शिरण्याआधी तारेला खाली झोल द्या, म्हणजे पावसाचं पाणी झोलावरून गळून जातं.

मोबाइलवरून मोटर चालू करता येईल का

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. या जोडणीवर मी ते करून देत नाही. ८० नंबरच्या पोर्टवरून जाणारा मजकूर उघडा असतो, वाटेत कुणीही वाचू शकतं, की सकट. नुसता पाण्याचा आकडा जात असेल तर कुणी की चोरून फार तर खोटा आकडा घुसडेल. मोटर त्या वाटेवर असेल तर तुमच्या मोटरची चावी रस्त्यावर पडली म्हणायची. खरंच हवं असेल तर ईएसपी३२ घ्या, टीएलएस (मजकूर कुलूपबंद करून पाठवायची पद्धत) वापरा, सर्टिफिकेट तपासा, आणि एमक्यूटीटी या यंत्रांच्या निरोपांसाठीच्या पद्धतीने बोला. हा एमक्यूटीटी १९९९ साली तेलाच्या पाइपलाइनवर उपग्रहामार्फत नजर ठेवण्यासाठी अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी रचला. त्यामुळे कमी मजकूर आणि वारंवार तुटणारी लाइन या दोन्हींची त्याला सवय आहे. यंत्र गप्प झालं की बाकीच्यांना तसं कळवायची सोयही त्यात आहे.

थिंगस्पीकवर ती सोय आपणच करायची. खबर यायची थांबली तरी आलेखावर शेवटचा आकडा तसाच दिसतो, आणि टाकी भरलेली आहे असं वाटून सगळे निवांत बसतात. सेक्रेटरींना मी पहिल्याच दिवशी सांगते, "काका, आधी वेळ बघा, मग लिटर बघा." शेवटची नोंद दहा मिनिटांहून जुनी असेल तर तो आकडा नसल्यासारखाच.

राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क काढता येत असेल तर ईएसपीला तेच द्या. सोसायटीचा कॉम्प्युटर आणि सीसीटीव्ही त्याच्यापासून वेगळे राहतात.

राहिला पासवर्ड. टेबलावर दिलेलं नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड ईएसपी स्वतःच्या फ्लॅशमध्ये साठवतो आणि पुढच्या वेळी वीज आली की आपणहून जोडतो. त्यामुळे नॅनोच्या प्रोग्राममध्ये पासवर्ड लिहायची गरजच नाही, आणि प्रोग्राम कुणाला दिला तरी सोसायटीचा पासवर्ड बाहेर जात नाही. उद्या राउटर बदलला तर मॉड्यूल हेडरमधून काढायचं, लॅपटॉपला लावायचं, वेग यावेळी ९६०० ठेवायचा आणि एकच कमांड द्यायची. तेही टाळायचं असेल तर नव्या राउटरला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या. डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मी हे कागदावर लिहून चिकटवते, तारांचे रंग आणि फर्मवेअरची आवृत्ती यांच्याखाली.